विश्लेषण : एकट्या ‘जलाश्व’वर आणखी किती वर्षे?

२६ जुलै २०१९च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. उल्हास नदी रुळांवर आली होती आणि डब्यांत हजाराहून अधिक प्रवासी होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत १,०५० प्रवाशांना बाहेर काढण्यात आले. मुख्य काम एनडीआरएफच्या बोटींनी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी केले. पण त्या दिवशी मुंबईहून नौदलाची आठ पूर बचाव पथकेही निघाली होती. त्यांतील तीन पथके डायव्हरांची होती. सोबत रबरी बोटी आणि लाइफ जॅकेट होती. समुद्रापासून इतक्या आत, कात्रपपासून जेमतेम काही किलोमीटरवर नौदल आलेले पाहून अनेकांना नवल वाटले होते.

वास्तविक नवल वाटण्यासारखे त्यात फार काही नाही. क्षेपणास्त्रे डागणे हे नौदलाचे एक काम, तर अडकलेल्या माणसांना पाण्यातून उचलून आणणे हे दुसरे. हे दुसरे काम समुद्रावर, शेकड्याने माणसे आणि शेकडो टन सामान घेऊन करायचे असेल, तर रबरी बोट पुरत नाही. त्यासाठी एका खास प्रकारच्या मोठ्या जहाजाची गरज असते. भारताकडे त्या प्रकारचे एकच जहाज आहे : ‘आयएनएस जलाश्व’. १९७१ मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झालेली आणि २००७ मध्ये भारताने वापरलेल्या स्थितीत विकत घेतलेली ही नौका आज पंचावन्नच्या घरात आहे. तिच्यासारखी नवी जहाजे देशात बांधण्याच्या प्रस्तावाला संरक्षण खरेदी परिषदेने २३ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा एकदा पहिली मंजुरी दिली. ‘पुन्हा एकदा’ हे शब्द महत्त्वाचे, कारण याआधीचा प्रयत्न सात वर्षे चालून २०२० मध्ये गुंडाळला गेला होता.

हे जहाज नेमके काय करते?

इंग्रजीत या प्रकाराला ‘लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक’ म्हणतात. नौदलाच्या बोलीत ‘एलपीडी’. नावातला ‘डॉक’ हा शब्द शब्दशः घ्यायचा. जहाजाच्या पोटात, मागच्या बाजूला, एक गोदी असते. इतर कोणत्याही जहाजात पाणी आत शिरले की धावपळ उडते. इथे ते मुद्दाम आत घेतले जाते.

जहाजाच्या तळाशी असलेल्या टाक्या समुद्राच्या पाण्याने भरल्या की मागचा भाग खाली बसतो. मग मागचा प्रचंड दरवाजा उघडतो, गोदीत पाणी भरते आणि आत ठेवलेल्या सपाट तळाच्या नौका तरंगू लागतात. त्यांत आधीच रणगाडे, ट्रक, जवान किंवा मदतीचे सामान चढवलेले असते. या नौका मागच्या दाराने बाहेर पडतात, थेट किनाऱ्याच्या वाळूला लागतात, पुढचा उतार खाली टाकतात आणि माल उतरवून परततात. ‘जलाश्व’च्या गोदीत अशा चार मोठ्या नौका मावतात आणि त्यांतली प्रत्येक नौका एक रणगाडा वाहू शकते. मोठे जहाज मात्र किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात सुरक्षित राहते. वरच्या सपाट डेकवरून त्याच वेळी हेलिकॉप्टरही ये-जा करू शकतात.

‘जलाश्व’ सुमारे १७४ मीटर लांब आहे. लोकलचे आठ डबे एकामागे एक लावले तर साधारण तेवढी लांबी भरते. रुंदी ३२ मीटर आणि पूर्ण भारासह वजन १७ हजार टनांच्या आसपास. तिच्यात सुमारे एक हजार सैनिक राहू शकतात. चार शस्त्रक्रियागृहे, १२ खाटांचा वॉर्ड, प्रयोगशाळा आणि दातांचा दवाखानाही तिच्यावर आहे. संस्कृतात ‘जलाश्व’ म्हणजे पाणघोडा. पाण्यात अर्धवट बुडून राहणाऱ्या या धिप्पाड नौकेला याहून नेमके नाव सापडले नसते.

या सगळ्या खटाटोपाचे सार एकाच गोष्टीत आहे. या जहाजाला बंदर लागत नाही, धक्का लागत नाही, क्रेन लागत नाही. युद्धात शत्रू बंदर हातात देत नाही आणि आपत्तीत निसर्ग ते जागेवर ठेवत नाही. दोन्ही वेळा गरज एकच असते.

भारताला ही गरज कधी जाणवली?

खरे तर फार पूर्वी. योगायोग असा की, अमेरिकेत ‘यूएसएस ट्रेंटन’ म्हणजे आजची ‘जलाश्व’ ६ मार्च १९७१ रोजी नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात भारताने बांगलादेश युद्धात कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची मोहीम हाती घेतली. पाकिस्तानी सैनिकांना म्यानमारकडे निसटू न देणे हा तिचा हेतू. किनाऱ्याची पुरेशी माहिती नव्हती, वाळूचे दांडे आडवे आले, नौका किनाऱ्याला लागण्याआधीच थबकल्या आणि खोल पाण्यात उतरलेल्या जवानांपैकी काही बुडाले. कराची बंदरावरच्या हल्ल्याची गोष्ट दरवर्षी ४ डिसेंबरला, नौदल दिनी सांगितली जाते. कॉक्स बाजारची फारशी कोणी सांगत नाही.

दुसरा धडा २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीने दिला. अंदमान-निकोबारमधील अनेक बेटांवरचे धक्के लाटांनी मोडून पडले. जहाजे मदत घेऊन पोहोचली, पण ती उतरवायची कुठे, हा प्रश्न होता. भारतीय नौदलाने त्या वेळी आपल्या बेटांसोबतच श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियालाही मदत पोहोचवली आणि त्याचे जगभर कौतुक झाले. मात्र त्याच काळात इंडोनेशियाच्या आचे प्रांतात अमेरिकेचे ‘बोनहोम रिचर्ड’ हे पोटात गोदी असलेले मोठे जहाज उभे होते आणि त्याच्यातून निघालेली हवेच्या गादीवर चालणारी यंत्रे थेट किनाऱ्यावर चढून सामान उतरवत होती. नौदलाच्या मुख्यालयात हा फरक कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

अमेरिकेला तेव्हा ऑस्टिन वर्गातली जुनी जहाजे निवृत्त करायची होती. त्यांच्या जागी सॅन अँटोनियो वर्गाची नवी जहाजे येऊ लागली होती. त्यामुळे ‘ट्रेंटन’चा सौदा जुळला. १७ जानेवारी २००७ रोजी अमेरिकेने तिला निवृत्त केले आणि त्याच दिवशी ती भारताच्या ताब्यात आली. २२ जून २००७ रोजी अमेरिकेतील नॉरफोक येथे ती ‘आयएनएस जलाश्व’ झाली. तेव्हा ‘विराट’नंतरची नौदलातील ती सर्वांत मोठी युद्धनौका होती. किंमत सुमारे ४ कोटी ८४ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण दोनशे कोटी रुपये. तिच्यासाठी सहा ‘यूएच-३एच’ हेलिकॉप्टर वेगळी घेतली. त्यांचे सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलर.

मग वाद कशावरून झाला?

‘कॅग’ने २००८ मध्ये या खरेदीवर ताशेरे ओढले. जहाजाच्या अवस्थेची पुरेशी तपासणी झाली नव्हती, खरेदी घाईने झाली, हा एक आक्षेप. अमेरिकेने घातलेल्या अटी हा दुसरा. जहाज आक्रमक कारवाईत वापरण्यावर मर्यादा होत्या आणि विकलेल्या साहित्याची पाहणी करण्याचा हक्क अमेरिकेने राखून ठेवला होता. पैसे मोजून घेतलेल्या युद्धनौकेवर विकणाऱ्याची नजर राहावी, हे संसदेत आणि बाहेरही अनेकांना खटकले आणि ते खटकणे रास्त होते.

त्याच सुमारास, फेब्रुवारी २००८च्या सुरुवातीला एक दुर्दैवी घटना घडली. अंदमानहून विशाखापट्टणमला परतताना जहाजावर हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूची गळती झाली आणि पाच नौसैनिकांचा मृत्यू झाला. जुने जहाज स्वस्त मिळते, पण त्यातल्या जुन्या नळ्या आणि टाक्याही त्यासोबतच येतात, अशी टीका तेव्हा झाली.

ही टीका आज वाचताना एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. कॅगचे आक्षेप कागदोपत्री बरोबर होते, तरी जहाजाने पुढच्या वर्षांत आपली किंमत वसूल करून दिली. चूक खरेदीत होती त्यापेक्षा खरेदीनंतरच्या निवांतपणात जास्त होती. ‘जलाश्व’ ही हात बसेपर्यंतची सोय होती. हात बसला आणि पुढचे पाऊल पडलेच नाही.

या नौकेने आजवर काय केले?

माणसे सुखरूप बाहेर काढणे हे जणू या जहाजाच्या नशिबातच लिहिलेले असावे. जानेवारी १९९१ मध्ये सोमालियात यादवी पेटली. ‘ट्रेंटन’ आणि ‘ग्वाम’ ही दोन जहाजे ओमानजवळच्या समुद्रातून दक्षिणेकडे पिटाळण्यात आली. मोगादिशू अजून शेकडो मैल दूर असतानाच ‘ट्रेंटन’वरून हेलिकॉप्टर उडाली, वाटेत हवेतच इंधन भरून अमेरिकी दूतावासात उतरली. त्या मोहिमेत सुमारे ३० देशांच्या २८१ जणांची सुटका झाली.

जुलै २००६ मध्ये लेबनॉनमध्ये युद्ध भडकले तेव्हा हेच जहाज बैरुतला होते आणि त्याने दीड हजाराहून अधिक अमेरिकी नागरिकांना बाहेर काढले. त्याच महिन्यात, त्याच बंदरातून भारतीय नौदलाच्या ‘मुंबई’, ‘ब्रह्मपुत्रा’, ‘बेतवा’ आणि ‘शक्ती’ या चार जहाजांनी ‘ऑपरेशन सुकून’मध्ये २,२८० जणांना आणले. त्यांत भारतीयांबरोबर श्रीलंका आणि नेपाळचे नागरिकही होते. ‘मुंबई’ ही विनाशिका. तिच्यात जागा क्षेपणास्त्रांसाठी असते, लहान मुले आणि बॅगा घेतलेल्या कुटुंबांसाठी नसते. तरी त्यांनी ते निभावले. सहा महिन्यांनी ‘ट्रेंटन’वर तिरंगा चढला.

२०११ मध्ये लिबियातील भारतीयांना आणण्यासाठी ‘म्हैसूर’ आणि ‘आदित्य’सोबत ‘जलाश्व’ही निघाली. पण तिची खरी ओळख देशाला झाली ती कोविडच्या काळात. मे २०२० मध्ये विमाने बंद होती, आखात आणि मालदीवमधल्या भारतीयांचे रोजगार गेले होते. ‘समुद्र सेतू’ मोहिमेत ‘जलाश्व’ मालेला पोहोचली आणि १० मे रोजी ६९८ भारतीयांना घेऊन कोचीला आली. त्यांत १९ गर्भवती होत्या. त्यानंतर पुन्हा माले, मग कोलंबो, पुन्हा माले आणि अखेर इराणचे बंदर अब्बास. तिथून ६८७ जणांना घेऊन ती १ जुलैला तुतिकोरिनला लागली. ‘जलाश्व’, ‘ऐरावत’, ‘शार्दूल’ आणि ‘मगर’ या चार जहाजांनी ५५ दिवसांत ३,९९२ भारतीयांना मायदेशी आणले. त्यांतला सर्वांत मोठा वाटा ‘जलाश्व’चा.

हजार सैनिकांच्या जहाजात सातशेच माणसे का, असा प्रश्न तेव्हा काहींनी विचारला होता. कारण साधे होते : अंतर राखायचे होते, कर्मचारी आणि प्रवासी यांचे मार्ग वेगळे ठेवायचे होते, कोणी आजारी पडले तर वेगळी जागा हवी होती. इतर जहाजांत असे विभाग पाडताच येत नाहीत. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजनचा तुटवडा असताना, ब्रुनेई आणि सिंगापूरहून ऑक्सिजनचे टँक आणि सिलिंडर आणण्याच्या कामातही ती होती. टँकर गोदीत आणि वाहनतळावर उभे राहिले. मुळात ती जागा रणगाड्यांसाठी आहे.

लष्करी कामही सुरूच आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाडाच्या किनाऱ्यावर भारत-अमेरिका यांचा ‘टायगर ट्रायम्फ’ सराव झाला. ‘जलाश्व’ त्यात केंद्रस्थानी होती. एप्रिल २०२५च्या सरावातही तीच होती. एकच जहाज असल्याने दरवेळी तीच असते.

जुने जहाज चालवणे इतके अवघड का?

पहिले कारण इंजिन. ‘जलाश्व’ वाफेवर चालते. दोन बॉयलर, दोन टर्बाइन. आधुनिक जहाजे डिझेल किंवा गॅस टर्बाइनवर चालतात. वाफेची जहाजे जगभरातून कमी होत आहेत, त्यामुळे सुटे भाग आणि बॉयलरवर हात बसलेले तंत्रज्ञ दोन्ही दुर्मीळ होत आहेत. तिच्यासाठी घेतलेल्या ‘यूएच-३एच’ हेलिकॉप्टरांचा ताफाही २८ जून २०२४ रोजी विशाखापट्टणमच्या ‘आयएनएस डेगा’ तळावर निवृत्त झाला. हेलिकॉप्टरे गेली, जहाज अजून कामावर आहे.

दुसरे कारण गंज आणि इथे विषय थेट अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात येतो. कात्रपकडून अंबरनाथला जाताना शीळ-बदलापूर रस्त्यावर ‘नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी’ लागते. ‘डीआरडीओ’ची ही प्रयोगशाळा. १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत एक लहान प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली आणि नंतर अंबरनाथला आली. बातम्यांत ती झळकते पाणबुड्यांमुळे : पाणबुडीला अधिक काळ पाण्याखाली राहू देणारी इंधनघटाची यंत्रणा तिने विकसित केली आणि तिच्या जमिनीवरील नमुन्याची यशस्वी चाचणी मार्च २०२१ मध्ये झाली. पण तिचे रोजचे काम याहून कमी झगमगते आहे. जहाजांचे रंग, गंजरोधक लेप, रबर, पॉलिमर, खाऱ्या पाण्यात धातू कसा टिकेल याचा अभ्यास.

खाऱ्या पाण्यात लोखंड आणि दुसरा धातू एकत्र आले की विजेच्या सेलसारखी क्रिया होते आणि लोखंड झिजते. म्हणून जहाजाच्या तळाला जस्त किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे लावतात. लोखंडाऐवजी ते झिजतात आणि ठरावीक काळाने बदलले जातात. वर रंगाचे अनेक थर दिले जातात. साध्या युद्धनौकेत हा सगळा बंदोबस्त बाहेरच्या बाजूला लागतो. एलपीडीमध्ये समुद्र आतच येतो आणि जातो. गोदीची जमीन एकदा ओली, एकदा कोरडी. वरून रणगाड्यांच्या पट्ट्या रंग खरवडत जाणार. टाक्या भरणार, रिकाम्या होणार, त्यांत हवा आणि पाणी आळीपाळीने फिरणार. गंजाला याहून चांगले घर मिळणार नाही. अशा नौकेची पाच दशके म्हणजे इतर नौकेच्या पाच दशकांपेक्षा जास्तच धरायला हवीत.

स्वदेशी जहाजाचा प्रयत्न कुठे अडकला?

डिसेंबर २०१३ मध्ये चार एलपीडींसाठी निविदा निघाली. देशातील खासगी गोद्यांना त्यात भाग घ्यायचा होता, परदेशी कंपनीकडून आराखडा घ्यायचा होता आणि काही जहाजे विशाखापट्टणमच्या सरकारी हिंदुस्थान शिपयार्डमध्ये बांधायची होती. पुढे काय झाले, हा भारतीय गोदी उद्योगाच्या अडचणींचा एक छोटा इतिहासच आहे. स्पर्धेतली ‘एबीजी शिपयार्ड’ कर्जात बुडाली आणि अवसायनात गेली. पिपावावची गोदी ‘रिलायन्स नेव्हल’कडे गेली आणि तीही दिवाळखोरीत सापडली. उरला एकच दावेदार. एकाच दावेदाराला कंत्राट देणे नियमांत बसवणे कठीण. मुदती वाढत गेल्या आणि २०२० मध्ये निविदाच मागे घेण्यात आली.

ऑगस्ट २०२१ मध्ये नव्याने माहिती मागवली गेली. त्यानंतर चार वर्षांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, सुमारे ७९ हजार कोटींच्या एकूण संरक्षण प्रस्तावांत एलपीडींना ‘गरज मान्य’ झाल्याचा शिक्का मिळाला. ही रक्कम तिन्ही दलांच्या सर्व प्रस्तावांची मिळून आहे; समाजमाध्यमांवर ती एकट्या एलपीडींची म्हणून फिरली, तसे नाही. आणि हा शिक्का म्हणजे कंत्राटही नाही. यानंतर निविदा, तांत्रिक छाननी, किमतीची बोलणी, मंत्रिमंडळ समितीची मंजुरी आणि मग करार. त्यानंतर बांधणी. सगळे वेळेत झाले तरी पहिले जहाज २०३०च्या दशकातच पाण्यात उतरेल. तेव्हा ‘जलाश्व’ साठी ओलांडलेली असेल.

मुंबईसाठी यात एक जवळचा धागा आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या माझगाव डॉकने २०२५ मध्ये पिपावावच्या त्याच गोदीशी, जी आता ‘स्वान डिफेन्स’ या नावाने नव्या मालकाकडे आहे, एलपीडींसाठी हातमिळवणी केली. माझगावकडे युद्धनौका बांधण्याचा अनुभव आहे, पण जागा अपुरी. पिपावावकडे देशातली एक सर्वांत मोठी सुकी गोदी आहे, पण हातात कामे नव्हती. कागदावर जोडी चांगली दिसते. हे काम मिळाले तर त्याचा हिस्सा व्हॉल्व्ह, पाइप, केबल ट्रे, फाउंड्रीच्या मालाच्या रूपाने छोट्या कारखान्यांपर्यंत झिरपू शकतो. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत अशी कामे करणाऱ्या युनिटची वानवा नाही. मात्र इतर गोद्याही स्पर्धेत उतरणार आहेत आणि अजून कोणाचेच नाव ठरलेले नाही.

इतर देश काय करत आहेत?

२००७ मध्ये भारताने वापरलेले जहाज घेतले. त्याच वर्षी चीनने स्वतः बांधलेली या प्रकारची पहिली नौका नौदलात आणली. त्यानंतर चीनने तशा एकूण आठ नौका आपल्या नौदलासाठी बांधल्या, एक थायलंडला विकली आणि त्याहून मोठी, सपाट डेकची जहाजेही आणली.

चीनशी तुलना अनेकांना अन्यायाची वाटते. मग इंडोनेशिया पाहू. त्याने दक्षिण कोरियाकडून दोन एलपीडी बांधून घेतल्या, सोबत तंत्र घेतले, पुढच्या दोन स्वतःच्या सुराबाया गोदीत बांधल्या आणि २०१६ व २०१७ मध्ये फिलिपिन्सला दोन निर्यातही केल्या. इंडोनेशियाची ही जहाजे ‘जलाश्व’पेक्षा लहान आणि साधी आहेत. पण ती आहेत.

भारताने या काळात काहीच केले नाही, असेही नाही. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने किनाऱ्याला लागणाऱ्या आठ लहान ‘एलसीयू’ नौका बांधल्या आणि २०१७ ते २०२१ दरम्यान त्या नौदलात आल्या. अंदमानसाठी त्या उपयोगी आहेत. जुनी ‘मगर’ मात्र मे २०२३ मध्ये निवृत्त झाली. म्हणजे लहान नौका वाढल्या, मोठ्या घटल्या.

ड्रोनच्या काळात इतके मोठे जहाज हवेच कशाला?

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. मार्च २०२२ मध्ये रशियाचे ‘सारातोव्ह’ हे सैन्य उतरवणारे जहाज बर्डियान्स्क बंदरात जळाले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘नोव्होचेर्कास्क’ क्रिमियातील फेओदोसियात नष्ट झाले. धिम्या, मोठ्या, माणसांनी भरलेल्या जहाजावर एक क्षेपणास्त्र पुरते. एवढा पैसा एका ठिकाणी ओतण्यापेक्षा दहा लहान जहाजे का नकोत, असे विचारणारे नौदलातही आहेत.

दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. ही दोन्ही रशियन जहाजे बंदरात उभी असताना मारली गेली, शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात. एलपीडीचा उपयोगच मुळी किनाऱ्यापासून लांब थांबण्यात आहे आणि सोबत संरक्षक नौकांचा ताफा नसेल तर तिने युद्धात जाऊच नये. दुसरे, भारताच्या बाबतीत अशा जहाजाच्या वीस वर्षांपैकी युद्धाचे दिवस किती आणि आपत्तीचे, सुटकेचे, बेटांपर्यंत सामान पोहोचवण्याचे दिवस किती, हा हिशेब ‘जलाश्व’ने मांडून ठेवलाच आहे. आखातात लाखो भारतीय कामाला आहेत. कल्याण-बदलापूर पट्ट्यातल्या कित्येक घरांतला एखादा मुलगा, भाऊ किंवा जावई तिकडे असतो. तिथे काही बिनसले तर विमानतळ आधी बंद होतात, समुद्र नंतर.

लहान जहाजांचा मुद्दा मराठी वाचकाला नवा नाही. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर किल्ला बांधताना इंग्रजांच्या मोठ्या जहाजांचा वेढा असूनही मराठ्यांची लहान गलबते रात्री उथळ पाण्यातून रसद पोहोचवत होती. त्याआधी शिवाजी महाराजांनी आरमाराची जहाजे बांधायला सुरुवात केली ती कल्याण-भिवंडीला, बदलापूरहून वाहत जाणाऱ्या याच उल्हासच्या खाडीवर. खांदेरीचे यश मात्र किनारा दोन-तीन मैलांवर होता म्हणून शक्य झाले. विशाखापट्टणमहून निकोबार हजार किलोमीटरहून दूर आहे. मुंबईहून बंदर अब्बास त्याहून लांब. तिथपर्यंत शेकडो माणसे, पाणी, औषधे आणि लहान नौका घेऊन जायला मोठे पोटच लागते. लहान की मोठी, असा हा प्रश्न नाही. लहान नौका मोठीच्या पोटातूनच निघणार आहेत.

आता पाहायचे काय?

निविदा कधी निघते, हे पहिले. दुसरे, संख्या. एक जहाज दुरुस्तीत, एक सरावात, एक समुद्रावर असे चक्र धरले तर तीनपेक्षा कमी घेऊन उपयोग नाही. चार ही २०१३ची संख्या त्या दृष्टीने योग्यच होती. किंमत वाढली म्हणून ती दोनवर आणण्याचा मोह होईल. तिसरे, जहाजासोबत हेलिकॉप्टर, गोदीतल्या नौका आणि रुग्णालय यांची खरेदी त्याच करारात होते की वेगळ्या फायलींवर सोपवली जाते. जहाज आले आणि हेलिकॉप्टर मागे राहिले, तर निम्मे कामच होईल. निविदेत एकच दावेदार उरला तर काय करायचे, याचे उत्तरही या वेळी आधीच लिहून ठेवावे लागेल. २०२० मध्ये फाइल तिथेच बंद पडली होती.